‘सार्थक फरक आढळला नाही’ या वाक्यानंतर काय?

मानसशास्त्राच्या प्रबंधात विश्लेषणाच्या प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य हमखास येते: “०.०५ या सार्थकता स्तरावर दोन्ही गटांच्या मध्यमानांत सार्थक फरक आढळला नाही, म्हणून शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येत आहे.” सोलापुरात एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी लागणारे संख्याशास्त्र शिकवताना हे वाक्य माझ्यापुढे सतत येत राहिले आहे. शून्य परिकल्पना म्हणजे ‘फरक किंवा परिणाम नाही’ हे गृहीत. वाक्याच्या पूर्वार्धाबद्दल माझी तक्रार नाही. उत्तरार्ध मात्र हाती असलेल्या आकड्यांतून निघत नाही, आणि पुढच्या प्रकरणात त्याचेच रूपांतर “या उपक्रमाचा ताणतणावावर परिणाम होत नाही” अशा ठाम विधानात होते तेव्हा संशोधन आपल्या पुराव्याच्या पलीकडे गेलेले असते. वारंवारतावादी संख्याशास्त्र (संभाव्यता म्हणजे एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा केल्यास दिसणारे प्रमाण) आणि बेझियन संख्याशास्त्र (संभाव्यता म्हणजे परिकल्पनेवरील विश्वासाचे माप) यांतला वाद बराच जुना आणि बराच तांत्रिक आहे. पण आपल्याकडच्या संशोधकाला तो जिथे प्रत्यक्ष भिडतो ती जागा हीच आहे, असे माझे मत आहे.

एक नेहमीचा आराखडा घेऊ. समजा, शहराच्या पूर्व भागातील विडी कामगार महिलांपैकी चाळीस जणी निवडल्या, त्यांपैकी वीस जणींना काही आठवडे श्वसनावर आधारित शिथिलीकरणाचा सराव दिला आणि वीस जणींना दिला नाही. शेवटी दोन्ही गटांकडून ताणाची प्रश्नावली भरून घेतली, टी-चाचणी (दोन मध्यमानांतला फरक तपासणारी रूढ चाचणी) केली आणि पी व्हॅल्यू ०.०८ आली. सराव घेतलेल्या गटाचा ताण कमी दिसतो आहे, पण पी व्हॅल्यू ०.०५च्या रेषेखाली आलेली नाही. आता लिहायचे काय?

०.०८ या आकड्याचा अर्थ आधी नीट मांडला पाहिजे. सरावाचा काहीही परिणाम होत नाही असे गृहीत धरले, तर केवळ नमुन्यातील चढउतारामुळे एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता शंभरात आठ आहे, एवढेच तो सांगतो. सराव निरुपयोगी असण्याची संभाव्यता आठ टक्के आहे असे तो सांगत नाही, आणि सराव उपयोगी असण्याची संभाव्यता ब्याण्णव टक्के आहे असेही सांगत नाही. परिकल्पना खरी धरून आकड्यांविषयी केलेले ते विधान आहे. आकडे हाती आल्यावर परिकल्पनेविषयी काय मानावे, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला पी व्हॅल्यू हातच घालत नाही.

ही पद्धत घडवणाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली, आणि १९३५ मध्ये प्रयोगरचनेवर लिहिताना शून्य परिकल्पना कधीही सिद्ध होत नसते, फार तर ती खोटी ठरवता येते, असे स्पष्ट बजावले. येर्झी नेमन आणि एगॉन पिअरसन यांनी १९३३ मध्ये याहून निराळी मांडणी केली. त्यांच्या मांडणीत दोन परिकल्पना समोरासमोर असतात, दोन प्रकारच्या चुकांचे (पहिली, नसलेला फरक आहे असे मानणे; दुसरी, असलेला फरक हुकणे) प्रमाण आधीच ठरवलेले असते आणि आकडे आल्यावर संशोधक त्या नियमाप्रमाणे निर्णय घेतो. फिशर आणि नेमन यांचे या मुद्द्यावर शेवटपर्यंत जमले नाही. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी मात्र दोघांना एकाच पानावर बसवले: पी व्हॅल्यू फिशरची, स्वीकार-अस्वीकाराची भाषा नेमन-पिअरसन यांची, आणि त्या भाषेला लागणारा दुसऱ्या प्रकारच्या चुकीचा हिशेब कुठेच नाही.

नेमन-पिअरसन यांची विचारपद्धती कुठे शोभते हे समजून घ्यायला सोलापूरकराला लांब जावे लागत नाही. टेरी टॉवेलच्या कारखान्यात माल निर्यातीला निघण्यापूर्वी प्रत्येक लॉटमधून ठरावीक नग काढून तपासले जातात, आणि दोषांची संख्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली तर तो लॉट बाजूला ठेवला जातो. इथे एका विशिष्ट लॉटविषयी आपला विश्वास किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि विचारण्याची गरजही नाही. वर्षभरात असे कितीतरी लॉट तपासून जाणार असतात. त्यांत चांगला माल चुकून अडवला जाण्याचे आणि खराब माल चुकून सुटण्याचे प्रमाण आटोक्यात राहिले की नियमाचे काम झाले. वारंवारतावादी पद्धतीचे सारे बळ या ‘पुन्हा पुन्हा’मध्ये आहे. तिची हमी नियमाची असते, समोरच्या एका निष्कर्षाची नसते.

विडी कामगार महिलांवरचा आपला अभ्यास असा पुन्हा पुन्हा होत नाही. तो एकदा होतो, आणि तो झाल्यावर मार्गदर्शक, परीक्षक, तो वाचून उपक्रम राबवू पाहणारी संस्था आणि खुद्द संशोधक यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, ती म्हणजे या आकड्यांनंतर सरावाच्या उपयुक्ततेवर किती विश्वास ठेवावा. हा प्रश्न बेझियन आहे. मानसशास्त्रज्ञ प्रश्न एका पद्धतीचा विचारतात आणि उत्तर दुसऱ्या पद्धतीचे छापतात, ही या क्षेत्राची जुनी अडचण आहे. जेकब कोहेन यांनी १९९४ च्या आपल्या गाजलेल्या लेखात नेमके हेच म्हटले होते: आपल्याला जे जाणून घ्यायचे असते ते ही चाचणी सांगत नाही, पण जाणून घेण्याची ओढ इतकी असते की ती सांगते आहे असे आपण मानून घेतो.

थॉमस बेझ हे अठराव्या शतकातील इंग्लंडमधले धर्मोपदेशक. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये रिचर्ड प्राइस यांनी प्रसिद्ध केला, आणि पुढे लाप्लास यांनी त्या कल्पनेला व्यापक गणिती रूप दिले. कल्पना सांगायला सोपी आहे. आकडे पाहण्यापूर्वी दोन परिकल्पनांवरील विश्वासाचे जे गुणोत्तर असेल, त्याला पुराव्याच्या वजनाने गुणले की आकडे पाहिल्यानंतरचे गुणोत्तर मिळते. पुराव्याच्या या वजनाला बेझ फॅक्टर म्हणतात: समोर आलेले आकडे एका परिकल्पनेखाली दुसरीच्या तुलनेत किती पट अपेक्षित होते, ते तो सांगतो. हे मोजमाप संशोधनाच्या कामाला जोडण्याचे मोठे श्रेय केंब्रिजचे हॅरोल्ड जेफ्रीज यांना जाते. संभाव्यतेच्या सिद्धांतावरचा त्यांचा ग्रंथ १९३९ चा. याच जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजला डॉक्टरेट केली आणि परत येऊन पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाची उभारणी केली. बेझियन विचार हे अलीकडचे परदेशी फॅड आहे असे कोणी म्हणू लागले की मला हुजूरबाजारांची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या विचाराच्या उगमापाशी बसून शिकलेला माणूस महाराष्ट्रात संख्याशास्त्राच्या पिढ्या घडवत होता, आणि तरीही मानसशास्त्राच्या आपल्या अभ्यासक्रमांत त्या विचाराला फारशी जागा मिळाली नाही, याची खंत वाटते.

आता पुन्हा त्या ०.०८ कडे येऊ. प्रत्येकी वीस जणींचे दोन गट आणि ०.०८ ही पी व्हॅल्यू, यावर मानसशास्त्रात सध्या रूढ असलेल्या पूर्वगृहीतासह बेझ फॅक्टर काढला, तर तो जवळपास एक येतो. पूर्वगृहीत म्हणजे आकडे पाहण्यापूर्वी परिणामाच्या आकाराविषयी मांडलेला अंदाज; इथे तो कोशी वितरण या लांब शेपट्यांच्या वक्राने मांडतात आणि त्याची रुंदी ०.७०७ धरतात. फॅक्टर एक येणे म्हणजे पुराव्याने कोणतीही बाजू घेतलेली नाही. सरावाचा परिणाम होतो आणि होत नाही या दोन्ही शक्यता आकडे येण्यापूर्वी समसमान मानल्या असतील, तर आकडे आल्यानंतरही त्या जवळपास तशाच राहतात. “शून्य परिकल्पनेचा स्वीकार” हे शब्द इथे पूर्णपणे निराधार ठरतात. चाळीस महिलांनी वेळ दिला, विद्यार्थिनीने उन्हातान्हात घरोघरी जाऊन प्रश्नावल्या भरून घेतल्या, आणि त्यातून निघालेले खरे उत्तर ‘अजून कळलेले नाही’ असे आहे. ते तसेच लिहायला हवे.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. समजा, दोन्ही गटांचे मध्यमान तंतोतंत सारखे आले, दशांशाचाही फरक राहिला नाही. पी व्हॅल्यू १ येईल, आणि फरक नसल्याचा याहून चांगला पुरावा काय असू शकतो, असे कोणालाही वाटेल. पण प्रत्येकी वीस जणींच्या गटांत या स्थितीतही फरक नसल्याच्या बाजूने बेझ फॅक्टर सुमारे ३.२ इतकाच येतो. जेफ्रीज यांच्या मोजपट्टीवर तीनच्या खालचा पुरावा उल्लेखापुरता मानला जातो आणि दहाच्या पुढचा भक्कम. म्हणजे वीस-वीसच्या अभ्यासात फरक नसल्याचा भक्कम पुरावा मिळणे आकडे कसेही आले तरी अशक्यच आहे. गट प्रत्येकी शंभरांचे केले आणि मध्यमान पुन्हा तंतोतंत जुळले, तरी हा फॅक्टर साडेसहाच्या आसपास पोहोचतो. नमुन्याचा आकार ठरवतानाच हे गणित करून पाहिले, तर ‘परिणाम होत नाही’ असे म्हणण्याची ताकद आपल्या अभ्यासात कधी येऊ शकते हे आधीच समजते, आणि कितीतरी आराखडे बदलावेसे वाटतील.

वारंवारतावादी पद्धतीला हे सांगताच येत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या प्रकारच्या चुकीचा हिशेब, म्हणजे चाचणीची पकड किंवा पॉवर, त्यासाठीच आहे. परिणामाचा आकार मध्यम, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याचे माप) असेल, तर वीस-वीसच्या गटांत तो ०.०५च्या रेषेपलीकडे दिसण्याची शक्यता जेमतेम ३४ टक्के असते. ती ८० टक्क्यांवर न्यायची तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. कोहेन १९६२ पासून हेच सांगत होते. पण पॉवर हा अभ्यासापूर्वीचा हिशेब आहे. आकडे आल्यानंतर याच आकड्यांनी काय दाखवले, याचे थेट उत्तर त्यातून मिळत नाही.

कमी पॉवरचा दुसरा तोटा सार्थक ठरलेल्या निष्कर्षांना बसतो, आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. हजार परिकल्पना तपासल्या आणि त्यांतल्या शंभर खऱ्या आहेत असे धरून पाहा. पॉवर ३५ टक्के असेल तर खऱ्यांपैकी पस्तीस सार्थक ठरतील. उरलेल्या नऊशे खोट्यांपैकी पाच टक्के, म्हणजे पंचेचाळीस, केवळ योगायोगाने सार्थक ठरतील. छापून येणाऱ्या ऐंशी सार्थक निष्कर्षांपैकी निम्म्याहून अधिक खोटे निघतील, आणि यात कोणीही लबाडी केलेली नसेल. ०.०५ हा आकडा पाळूनही असे घडते, कारण किती परिकल्पना मुळात खऱ्या असाव्यात हा पूर्वसंभाव्यतेचा प्रश्न त्या आकड्यात येतच नाही.

मानसशास्त्राला हे मोठी किंमत देऊन शिकावे लागले. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे डॅरिल बेम यांनी नऊ प्रयोगांच्या आधारे, हजाराहून अधिक सहभागी घेऊन, माणसांना भविष्यातील घटनांची चाहूल लागते असा दावा या विषयाच्या अग्रगण्य नियतकालिकात मांडला, आणि नऊपैकी आठ प्रयोगांचे निष्कर्ष रूढ नियमानुसार सार्थक होते. अॅम्स्टरडॅमचे एरिक-यान वाखेनमाकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच आकड्यांचे बेझियन विश्लेषण करून पुरावा फार तर दुबळा असल्याचे दाखवले. पद्धत पाळूनही निष्कर्ष अविश्वसनीय येत असेल तर पद्धतच तपासली पाहिजे, हा त्यामागचा मुद्दा होता. २०१५ मध्ये शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा मोठा सामूहिक प्रकल्प पूर्ण झाला, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते, तर पुनरावृत्तीत ३६ टक्केच सार्थक ठरले. त्याच वर्षी सामाजिक मानसशास्त्राच्या एका नियतकालिकाने पी व्हॅल्यूवर बंदी घातली आणि २०१६ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेला पी व्हॅल्यूच्या अर्थाविषयी जाहीर निवेदन काढावे लागले. बंदीचा उपाय मला पटत नाही. पण प्रश्न कुठवर गेला होता ते त्यावरून कळते.

सार्थकतेची रेषा नेमकी गाठणारा निष्कर्ष किती हलका असतो, हे एका आकड्यातून दिसते. थॉमस सेलके, मारिया बायारी आणि जेम्स बर्जर यांनी २००१ मध्ये पी व्हॅल्यूवरून बेझ फॅक्टरची कमाल मर्यादा काढण्याचे सूत्र मांडले. बऱ्याच सर्वसाधारण अटींखाली, ०.०५ ही पी व्हॅल्यू शून्य परिकल्पनेविरुद्ध फार तर अडीच पटींपर्यंतचा पुरावा देऊ शकते, ०.००५ वर तो चौदा पटींपर्यंत जाऊ शकतो. वीस-वीसच्या गटांत रूढ पूर्वगृहीतासह ०.०५ वर तो दीडपटीच्या आसपासच राहतो. या दीडपटीवर एखादा उपक्रम शाळाशाळांतून राबवावा असे सुचवणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

दोन्ही पद्धतींतला मूळ फरक दाखवणारे एक उदाहरण मी वर्गात आवर्जून करून घेतो. दोन विद्यार्थिनी एकच प्रयोग करतात: सहभागींना दोन चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवायची आणि कोणता चेहरा अधिक विश्वासू वाटतो ते विचारायचे. दोघींकडेही बारा सहभागी झाले; नऊ जणांनी पहिला चेहरा निवडला, तिघांनी दुसरा. पहिलीने बारा सहभागी घ्यायचे हे आधीच ठरवले होते. दुसरीने ठरवले होते की दुसऱ्या चेहऱ्याला तिसरे मत मिळाले की थांबायचे, आणि ते मत बाराव्या सहभागीने दिले. एका बाजूची पी व्हॅल्यू काढली तर पहिलीला ०.०७३ मिळते आणि दुसरीला ०.०३३. बारा उत्तरे अगदी तीच आहेत, तरीही एकीचा प्रबंध ‘असार्थक’ आणि दुसरीचा ‘सार्थक’. कारण पी व्हॅल्यूमध्ये प्रत्यक्ष आलेल्या आकड्यांबरोबर न आलेले, पण येऊ शकले असते असे आकडेही मोजले जातात, आणि कोणते आकडे येऊ शकले असते ते थांबण्याच्या नियमावर अवलंबून असते.

बेझियन हिशेबात दोघींना एकच उत्तर मिळते. पहिल्या चेहऱ्याची पसंती शून्य ते एक यांच्या दरम्यान कितीही असू शकते असे समान पूर्वगृहीत धरले, तर आकडे पाहिल्यानंतर ती निम्म्याहून अधिक असण्याची संभाव्यता सुमारे ९५ टक्के येते. आणि ‘पसंती नेमकी निम्मी आहे’ या शून्य परिकल्पनेविरुद्धचा बेझ फॅक्टर येतो फक्त १.४३. ही दोन उत्तरे परस्परविरोधी नाहीत. पहिल्यात कल कोणत्या दिशेला आहे ते विचारले आहे, दुसऱ्यात कल मुळात आहे का ते विचारले आहे. पसंती झाली तर पहिल्याच चेहऱ्याकडे होईल असे प्रयोगापूर्वीच ठामपणे ठरवले असेल आणि पूर्वगृहीत निम्म्याच्या वरच्या भागापुरते ठेवले, तर तोच फॅक्टर २.७ होतो. विद्यार्थ्यांना हा भाग सर्वांत अवघड जातो, आणि तो अवघड जावा हेच योग्य आहे, कारण बेझियन पद्धतीवरचा खरा आक्षेप इथेच उभा राहतो.

पूर्वगृहीत बदलले की उत्तर बदलते. मग ही वस्तुनिष्ठता कसली, असे परीक्षक विचारतात आणि त्यांना तो अधिकार आहे. माझे उत्तर असे की पूर्वगृहीत कागदावर लिहिलेले असते. ते वाचता येते, त्यावर वाद घालता येतो, ते बदलून निष्कर्ष टिकतो का ते तपासता येते. उलट, किती सहभागी झाल्यावर थांबायचे, कोणाला वगळायचे, दोन बाजूंची चाचणी की एका बाजूची, हे वारंवारतावादी विश्लेषणातले निर्णयही उत्तर बदलतात आणि ते प्रबंधात सहसा दिसत नाहीत. पी व्हॅल्यू ०.०६ आली की “आणखी दहा नमुने घ्या” हा सल्ला सद्भावनेने दिला जातो. प्रत्यक्षात ०.०५च्या रेषेने पाच वेळा डोकावून पाहिले तर खोट्या सार्थकतेचे प्रमाण पाच टक्क्यांवरून सुमारे चौदा टक्क्यांवर जाते आणि दहा वेळा पाहिले तर एकोणीसवर. बेझ फॅक्टरचा अर्थ अशा थांबण्या-चालण्याने बदलत नाही. शून्य परिकल्पना खरी असताना तिच्याविरुद्धचा फॅक्टर कधीतरी दहावर पोहोचण्याची शक्यता, कितीही वेळा पाहिले तरी, दहा टक्क्यांपलीकडे जात नाही. गावोगाव फिरून, सणवार आणि कामाच्या पाळ्या सांभाळून, जमतील तसे सहभागी मिळवणाऱ्या संशोधकाला ही मोकळीक फार मोलाची आहे. मात्र ३ आणि १० या आकड्यांना ०.०५ सारखे पूज्य करून टाकले, तर जुनीच चूक नव्या नावाने चालू राहील.

पद्धतीच्या निवडीपलीकडचा, सोलापूरचा म्हणावा असा एक प्रश्न आहे. पूर्व भागातल्या घरात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई प्रश्नावलीची उत्तरे देते तेव्हा तिचे हात थांबत नाहीत, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंतचे पाच पर्याय तिला ऐकवले जातात, ती पान कापता कापता ऐकते, आणि बऱ्याचदा शेजारणीकडे पाहून उत्तर देते. एका गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या घरांची वस्ती, पलीकडे कन्नड, पुढे मराठी आणि उर्दू. साठ जणींच्या नमुन्यात तीस तेलुगू, वीस मराठी आणि दहा कन्नड भाषक असतील, तर सर्वांना एकत्र करून एकच मध्यमान काढणे चूक ठरू शकते आणि दहा कन्नड भाषक महिलांची स्वतंत्र टी-चाचणी करणे व्यर्थ असते. बहुस्तरीय प्रारूप यातला मधला मार्ग देते. प्रत्येक भाषागटाचा अंदाज स्वतंत्र असतो, पण लहान गटाचा अंदाज एकूण मध्यमानाकडे ओढला जातो, आणि गट जितका लहान तितकी ही ओढ जास्त. असे प्रारूप वारंवारतावादी पद्धतीनेही बसवता येते. परंतु गटांची संख्या तीन-चारच असते तेव्हा गटागटांतील विचलनाचा अंदाज त्या पद्धतीत बऱ्याचदा शून्यावर जाऊन अडतो. समंजस पूर्वगृहीत दिले की बेझियन प्रारूप तिथे तग धरते. माझ्या मते बेझियन पद्धतीचा सर्वांत मोठा व्यावहारिक फायदा बेझ फॅक्टरपेक्षाही या ठिकाणी आहे, आणि तीनचार भाषा एकत्र नांदणाऱ्या आपल्या शहराइतका त्याचा उपयोग फार थोड्या ठिकाणी होईल. तरीही उत्तर शेजारणीकडे पाहून दिलेले असेल, तर त्यातला दोष कोणतेही प्रारूप धुऊन काढू शकत नाही.

हे सारे करायचे कसे, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. वॉर्ड एडवर्ड्स, हॅरोल्ड लिंडमन आणि लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९६३ मध्येच मानसशास्त्रज्ञांसमोर बेझियन पद्धतीचा सविस्तर पुरस्कार केला होता, पण त्या काळी त्यातील समाकलने सोडवणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. १९९० नंतर संगणकावर यादृच्छिक नमुने काढून ती सोडवण्याची पद्धत रुळली आणि चित्र बदलले. अॅम्स्टरडॅम विद्यापीठात विकसित झालेली जॅस्प ही प्रणाली मोफत मिळते, तिच्यात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी असतात, आणि साध्या संगणकावर ती चालते. एसपीएसएस या संख्याशास्त्रीय प्रणालीमध्येही २०१७ पासून बेझियन विभाग आहे. विद्यार्थ्यांना मी दोन्ही विश्लेषणे करायला सांगतो: पी व्हॅल्यू आणि विश्वास अंतराल (अंदाजाची खालची-वरची मर्यादा) लिहा, त्याखाली बेझ फॅक्टर लिहा, पूर्वगृहीत कोणते धरले ते लिहा, ते अरुंद आणि रुंद करून फॅक्टर किती हलतो तेही लिहा. आराखडा मात्र आकडे गोळा करण्यापूर्वी लेखी ठरवा. ही शिस्त नेमन-पिअरसन यांच्या परंपरेची आहे आणि बेझियन झालो म्हणून ती सोडण्याचे काहीही कारण नाही.

आता प्रश्न राहतो तो पूर्वगृहीत कुठून आणायचे, हा. ०.७०७ ही रुंदी सोयीची आहे, पण ती सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराविषयी किंवा विडी कामगार महिलेविषयी काहीच जाणत नाही. ती माहिती आपल्याकडेच आहे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर भारतभरातील विद्यापीठांचे प्रबंध खुले आहेत, आणि त्यांत ताण, समायोजन, आत्मसन्मान, नैराश्य यांवर महाराष्ट्रातल्या सहभागींवर केलेले अभ्यास शोधले की सापडतात. एखाद्या प्रश्नावलीचे मध्यमान आपल्या भागात साधारण किती येते, त्याचा पसारा किती असतो, छोट्या उपक्रमांनी ते किती हलते, याचा अंदाज त्यांतून बांधता येईल आणि तोच पुढच्या अभ्यासाचे पूर्वगृहीत होऊ शकेल. मात्र त्यासाठी प्रत्येक प्रबंधात प्रत्येक गटाचे मध्यमान, प्रमाण विचलन आणि नमुन्याची संख्या छापलेली हवी; नुसती ‘सार्थक’ किंवा ‘असार्थक’ अशी नोंद असेल तर पुढच्या संशोधकाच्या हाती काहीच लागत नाही. मार्गदर्शकांना माझी विनंती आहे की हे तीन आकडे प्रत्येक कोष्टकात आहेत का, एवढे प्रबंधावर सही करण्यापूर्वी पाहावे, आणि सहभागींची ओळख काढून टाकलेली मूळ आकडेवारी परिशिष्टात जोडून घ्यावी.